डिकीतलं पाणी: साचतं एकीकडे, शिरतं दुसरीकडे

गाडीत बसताना हल्ली कोंदट वास येतो. सकाळी काचा बाहेरून कोरड्या असतात आणि आतून धुरकट. मग एखाद्या दिवशी चाक पंक्चर होतं, स्टेपनी काढायला डिकीचा तळ उचलावा लागतो आणि खालच्या खड्ड्यात चाक पाण्यात बसलेलं दिसतं. जॅकला गंज, पान्याच्या पिशवीवर बुरशी. डिकीतली गळती बहुतेकांना अशीच कळते, उशिरा आणि नेमकी अडचणीच्या वेळी.

यानंतर जे घडतं त्यासाठीच हा लेख लिहितो आहे. माणूस सिलिकॉनची ट्यूब आणतो आणि दिसेल त्या फटीवर फासतो. पाऊस येतो, पाणी पुन्हा साचतं. मग आणखी एक थर. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा प्रकार होतो. कारण डिकीत पाणी जिथे साचलेलं दिसतं, तिथून ते आलेलं जवळजवळ कधीच नसतं.

स्टेपनीचा खड्डा हा डिकीतला सगळ्यात खोल भाग. कुठूनही आत आलेलं पाणी उतार शोधत तिथेच जाणार. आणि येताना ते सरळ पडत नाही. गाडीचा सांगाडा पत्र्यावर पत्रा दुमडून आणि वेल्डिंग करून बनवलेला असतो. थेंब पत्र्याला चिकटून त्याच्या खालच्या अंगाने घसरत जातो, दोन पत्र्यांमधल्या अरुंद फटीत ओढला जातो, वायरींच्या जुडग्यावरून हातभर प्रवास करतो आणि मग कुठल्यातरी कडेवरून सुटतो. कौलारू घरात छत एकीकडे फुटतं आणि ठिबकतं दुसऱ्याच खोलीत, तसंच हे. त्यामुळे छताच्या मागच्या टोकाशी शिरलेलं पाणी उजव्या कोपऱ्यातल्या कार्पेटवर दिसू शकतं.

भोक किती मोठं असेल, हाही एक गैरसमज. साधारण २० थेंबांचं १ मिलिलिटर होतं. सेकंदाला एक थेंब गळत असेल तर तासाला १८० मिलिलिटर, म्हणजे दिवसभराच्या संततधारेत चार लिटरांहून जास्त. सुईच्या टोकाएवढी फट त्याला पुरते. म्हणून मोठी चीर शोधत बसलात तर खरी जागा नजरेतून सुटेल.

आधी पाण्याची चौकशी

हत्यार हातात घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहा. पाणी कसं आहे आणि ते कधी येतं.

स्वच्छ पाणी बहुधा वरून आलेलं असतं, म्हणजे छत, मागची काच, दिवे किंवा डिकीचं रबर यांतून. गढूळ, वाळूचे कण असलेलं पाणी चाकांनी उडवलेलं असतं. ते बंपरच्या मागून किंवा तळातल्या एखाद्या बुचातून येतं. पाण्याला साबणासारखा बुळबुळीतपणा किंवा सुगंध असेल, तर मागच्या काचेवर फवारा मारणारी नळी तपासा. हॅचबॅक गाड्यांत ही नळी छतातून मागच्या दारात जाते. बिजागरीपाशी रोज वाकून वाकून ती तिथे चिरते किंवा सांध्यातून निसटते. अशा गाडीत पाऊस नसतानाही डिकी ओली होते आणि मालक चक्रावून जातो.

आता वेळ. गाडी उभी असताना पावसात पाणी येतं, की फक्त ओल्या रस्त्यावर चालवल्यावर? चालवल्यावरच येत असेल तर खालच्या बाजूवर संशय घ्या. नाक चढाकडे करून उभी केली तरच येतं, आणि उताराकडे करून उभी केली तर येत नाही, असं असेल तर छताच्या किंवा सनरूफच्या पाण्याचा मार्ग तपासा. आणि एक अगदी साधी शक्यता: पावसानंतर डिकी उघडली की झाकणावरचं पाणी ओघळून आत पडतं. ती गळती नव्हे. पण झाकणाभोवतीच्या पन्हळीत पानं आणि माती अडकली असेल, तर तिथे साठलेलं पाणी रबराच्या काठावरून आत सांडतं, आणि ते मात्र गळतीइतकंच नुकसान करतं. ती पन्हळ बोट फिरवून साफ करा. काही वेळा एवढ्यावरच काम संपतं.

धूळही साक्ष देते. धावत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे रस्त्यावरची धूळ आणि तुषार मागच्या बाजूकडे ओढले जातात. जिथून धूळ आत येते तिथून पाणीही येऊ शकतं. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर डिकी उघडून रबराच्या आतल्या कडेला पाहा. एखाद्या जागी धुळीचा पंख्यासारखा पट्टा उमटला असेल, तर त्या जागी रबर नीट टेकत नाही.

सगळं उघडं करा

कार्पेट, तळाची फळी, बाजूंची प्लास्टिकची आणि फेल्टची आवरणं काढल्याशिवाय शोध लागत नाही. हे टाळण्याचा मोह होतो, कारण क्लिपा तुटतील अशी भीती वाटते. क्लिप काढायचं प्लास्टिकचं चपटं हत्यार वापरा आणि प्रत्येक पायरीवर फोटो काढून ठेवा.

इथे एक सावधगिरी. अनेक गाड्यांत बॅटरी, फ्यूजचा डबा किंवा इलेक्ट्रॉनिक पेट्या डिकीतच असतात. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलेलं दिसलं तर आधी बॅटरीची ऋण तार सोडवा. गाडी हायब्रीड किंवा इलेक्ट्रिक असेल, तर नारिंगी रंगाच्या जाड तारांना आणि त्या जिथे जातात त्या पेटीला अजिबात हात लावू नका. त्यांत जिवावर बेतणारा विद्युतदाब असतो. तिथे पाणी दिसलं तर काम तिथेच थांबवून प्रशिक्षित माणसाकडे सोपवा.

मग पत्रा पूर्ण कोरडा करा. खड्ड्यातलं पाणी स्पंजने टिपा, कोपरे फडक्याने पुसा. अर्धवट ओल्या डिकीत चाचणी घेतली तर जुनं पाणी कोणतं आणि नवं कोणतं हे कधीच कळणार नाही. कोरड्या पत्र्यावर पाण्याच्या जुन्या वाटा दिसतात: मातीच्या बारीक रेघा, गंजाचे ओघळ, रंगावर पडलेले पांढुरके डाग. टॉर्च तिरकी धरून त्या रेघा खालून वर वाचत जा. बऱ्याचदा नळी न लावताच संशयिताचं नाव कळतं.

पाण्याची चाचणी

घाईने केलेल्या चाचणीला काही अर्थ नाही, म्हणून ही पायरी सावकाश वाचा.

संशय असलेल्या सांध्यांवर, दिव्यांच्या मागे, खड्ड्याच्या भिंतींवर कोरडी टाल्कम पावडर किंवा खडूची पूड हलक्या हाताने भुरभुरा. थेंब उतरला की पुडीत काळी, ठळक रेघ उमटते. मग बागेची साधी नळी घ्या, तोटी काढून टाका, पाणी नुसतं वाहू द्या. धुण्याच्या मशीनचा जोरदार झोत वापरू नका. पाऊस कधीच शिरणार नाही अशा ठिकाणी तो पाणी घुसवतो आणि निर्दोष रबर गुन्हेगार ठरतं.

सुरुवात सगळ्यात खालून करा. आधी बंपरच्या वरची कड, मग दिव्यांचा खालचा भाग, मग दिव्यांचा वरचा भाग, मग झाकणाचं रबर, मागची काच आणि शेवटी छत. कारण उघड आहे. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत खालच्या सगळ्या जागा भिजवतं आणि आत थेंब दिसला तरी तो कुठल्या उंचीवरून आला ते सांगता येत नाही. प्रत्येक जागी निदान पाच ते दहा मिनिटं पाणी सोडा. आतल्या वाटा लांब असतात, थेंबाला पोचायला वेळ लागतो. काही दिसलं नाही तरच हातभर वर सरका.

आत पाहणारी नजर हवीच. मागची सीट आडवी पाडता येत असेल तर कुणीतरी मोठं माणूस सीटच्या बाजूने टॉर्च घेऊन आत राहू शकतं. सीट पडत नसलेल्या गाडीत कुणालाही डिकीत बंद करू नका, आणि मुलांना तर कुठल्याही गाडीत हे काम सांगू नका. त्याऐवजी मोबाइलचा व्हिडिओ आणि दिवा चालू करून, फोन प्लास्टिकच्या पारदर्शक पिशवीत घालून आत ठेवा. व्हिडिओत पहिला थेंब किती मिनिटांनी आणि कुठून आला हे पुन्हा पुन्हा पाहता येतं. मला ही पद्धत माणूस आत बसवण्यापेक्षाही जास्त विश्वासाची वाटते.

पाण्याशिवायही एक सुंदर चाचणी आहे. सगळ्या काचा आणि दारं बंद करा, पंखा पूर्ण वेगावर आणि बाहेरची हवा आत घेण्याच्या स्थितीत ठेवा. गाडीच्या आत हवेचा दाब किंचित वाढतो. आता बाहेरून काचेच्या कडांवर, दिव्यांभोवती, पत्र्याच्या सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावा. जिथून हवा बाहेर येते तिथे बुडबुडे फुगतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून भोक शोधतो, त्याचाच हा भाऊ. दाब टिकावा म्हणून डिकीतल्या हवेच्या झडपा आतून तात्पुरत्या चिकटपट्टीने झाका आणि नंतर ती पट्टी आठवणीने काढा.

त्या झडपा म्हणजे काय

बऱ्याच गाडीवाल्यांना यांचा पत्ताच नसतो, म्हणून थोडं थांबून सांगतो. पंख्याने आत ढकललेली हवा बाहेर पडायला वाट लागते. दार जोरात लावल्यावर कानाला दडा बसू नये यासाठीही तीच वाट कामी येते. त्यासाठी डिकीच्या एका किंवा दोन्ही कोपऱ्यांत, मागच्या बंपरच्या आड, प्लास्टिकच्या चौकटीत पातळ रबरी पडदे बसवलेले असतात. हवा बाहेर जाताना ते उघडतात, एरवी मिटलेले राहतात. चौकट आणि पत्रा यांच्यामध्ये फोमची पट्टी असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने आणि चिखलाने ती चुरगळते, किंवा मागून हलका धक्का बसल्यावर चौकट जागची हलते. मग चाकाने उडवलेलं पाणी थेट आत.

उपाय करायला बहुधा बंपर उतरवावा लागतो. चौकट काढून जागा स्वच्छ करायची, नवी फोमपट्टी किंवा ब्युटाइलची चिकट दोरी लावून पुन्हा बसवायची. पडदे फाटले असतील तर नवी चौकटच घ्या. सीलंटने ही वाट कायमची बुजवू नका. हवेला बाहेर जायला जागा उरली नाही की दारं लावताना त्रास होतो आणि आतला दमट वारा बाहेर पडत नाही.

मागचे दिवे

पत्र्यात मोठं भोक पाडून त्यात दिव्याचा संच बसवलेला असतो आणि मध्ये फोमचं गॅस्केट. फोम एकदा दबून कडक झाला की परत फुगत नाही. दिवा बदलताना कुणीतरी संच काढून तेच दबलेलं गॅस्केट पुन्हा लावलं, की पुढच्या पावसात ओघळ सुरू. संच काढा, दोन्ही बाजू स्पिरिटने पुसा, नवं गॅस्केट बसवा आणि नट एकाआड एक, थोडे थोडे करत आवळा. एकच नट आधी पूर्ण आवळला तर संच तिरका बसतो. जास्त जोर लावला तर प्लास्टिक तडकतं, आणि मग गळती गॅस्केटमधून नव्हे तर तडकलेल्या दिव्यातूनच येते. वर काचेपाशी असलेला तिसरा ब्रेकचा दिवाही विसरू नका. तिथलं पाणी झाकणाच्या पोकळीतून उतरतं आणि आपण खालीच शोधत राहतो.

रबर

सगळे आधी रबरालाच दोष देतात. त्याची तपासणी सोपी आहे: कागदाची पट्टी अर्धी आत, अर्धी बाहेर ठेवून झाकण बंद करा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखाच अडथळा जाणवला पाहिजे. एखाद्या जागी ती अलगद सुटली तर तिथे दाब कमी आहे. रबरावर खडू घासून झाकण लावलं तर समोरच्या पत्र्यावर उमटलेली रेघ कुठे तुटते तेही दिसतं.

पण दाब कमी आहे याचा अर्थ रबर खराब आहे असा नाही. झाकणच नीट बसत नसेल. झाकणाच्या कोपऱ्यांत पिळून वरखाली करता येणाऱ्या रबरी गुंड्या असतात आणि कुलूप ज्या कडीत अडकतं ती कडीही बोल्ट सैल करून थोडी सरकवता येते. मूळ जागेची खूण करून ठेवा आणि एका वेळी मिलिमीटरभरच हलवा. रबराच्या आत पत्र्याची पन्हळ असते, तिच्या जोरावर ते कडेला धरून राहतं. ती पसरली असेल तर रबर काढून पकडीने हलकेच दाबा आणि हातोडीऐवजी तळहाताने ठोकून बसवा. नवं रबर लावताना ताणू नका. ताणून बसवलेलं रबर काही दिवसांत आखडतं आणि सांध्यापाशी फट पडते. दोन टोकांचा सांधा खालच्या बाजूला, मधोमध यावा.

देखभालीला साबणाचं पाणी आणि वर्षातून एकदोनदा सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात पुरतो. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियमचं ग्रीस लावू नका. ही रबरं बहुतेक ईपीडीएम जातीची असतात आणि खनिज तेलाने ती फुगून मऊ पडतात.

छत, सनरूफ आणि काच

छताच्या दोन्ही कडांना लांब पट्ट्या असतात. त्यांच्याखाली छताचा आणि बाजूचा पत्रा जुळतो आणि त्या सांध्यात सीलंट भरलेलं असतं. ते तडकलं की पाणी मागच्या खांबाच्या पोकळीतून थेट डिकीत उतरतं. अँटेना आणि सामानाच्या रेल्स यांची बुडंही याच यादीत येतात. पट्टी उचलून पाहिल्याशिवाय हे दिसत नाही.

सनरूफबद्दल एक गोष्ट लक्षात घ्या. त्याच्या कडेने थोडं पाणी आत येणं अपेक्षितच असतं. खालच्या तबकात ते पाणी जमतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून गाडीबाहेर जातं. मागच्या नळ्या तुंबल्या किंवा निसटल्या की तेच पाणी डिकीत येतं. तबकात पेलाभर पाणी हळूहळू ओता आणि ते चाकाच्या मागे बाहेर ठिबकतं का पाहा. तुंबली असेल तर गवत कापण्याच्या यंत्रातली नायलॉनची लवचीक दोरी हलक्या हाताने आत सरकवा. हवेच्या जोरदार दाबाने फुंकू नका, नळी आतल्या आत निसटते आणि मग छताचं अस्तर उतरवावं लागतं.

मागची काच गळत असेल तर घरी हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ती पॉलियुरेथेनने चिकटवलेली असते आणि तिच्याखालच्या पत्र्याला गंज लागला असेल तर काच काढून, गंज घासून, प्रायमर देऊन पुन्हा बसवणं हाच खरा इलाज. कडेने सिलिकॉन फासलं तर पुढच्या कारागिराला ते आधी खरवडून काढावं लागतं.

सांधा बुजवताना

जागा पक्की सापडली, थेंब डोळ्यांनी पाहिला, मगच ट्यूब उघडा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर नको. ते सुकताना आम्ल सोडतं आणि त्याखाली गंज धरतो. शिवाय त्यावर रंग बसत नाही. पत्र्याच्या सांध्याला पॉलियुरेथेनचं बॉडी सीलंट वापरा. दिवे, झडपा अशा पुन्हा काढाव्या लागणाऱ्या भागांना ब्युटाइल बरं, ते कायम चिकट आणि मऊ राहतं. जुनं तडकलेलं सीलंट पूर्ण खरवडा, गंज चकाकेपर्यंत घासा, प्रायमर लावा, मग सीलंट, मग रंग. शक्यतो बाहेरच्या बाजूने बुजवा. आतून बुजवलं तर पाणी डिकीत दिसत नाही, पण दोन पत्र्यांमध्ये अडून तिथला पत्रा खात राहतं.

आणि खड्ड्याच्या तळाला भोक पाडून पाणी खाली सोडण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्या भोकातून रस्त्याचं पाणी वर येतं, कापलेली कड गंजते आणि मूळ गळती तशीच राहते. काही गाड्यांत तिथे मुळातच रबरी बूच असतं. ते काढून पाणी सोडा आणि लगेच घट्ट परत बसवा. बूच कडक होऊन सैल बसत असेल तर बदला.

कार्पेट आणि त्याखालचा फेल्ट वरून कोरडा लागला तरी आत पाणी धरून असतो. दोन्ही बाजूंनी उघड्यावर वाळवा, दाबून पाहा, हाताला गारवा लागला तर अजून वाळवा. बुरशी आली असेल तर मास्क आणि हातमोजे घालून साबणाने घासा, पूर्ण कुजलेला फेल्ट टाकून द्या. एसी चालवत काही फेऱ्या मारल्या की आतली दमट हवा कमी होते. आवरणं मात्र लगेच परत लावू नका. उघड्या पत्र्यावर पुन्हा पावडर भुरभुरा, नळीची तीच चाचणी त्याच क्रमाने घ्या आणि मग खऱ्या पावसात दोनतीनदा गाडी बाहेर उभी करून पाहा. पहिल्या दुरुस्तीनंतरही एखादी ओली रेघ उमटली तर नवल नाही, जुन्या गाडीत दोन वाटा एकाच वेळी उघड्या असणं नेहमीचं आहे. रेघ जिथून सुरू होते तिथे खडूने खूण करा आणि पुन्हा खालून वर चढत जा.